संपर्क-फॉर्म भरला, पण मेल कुठे गेला? स्क्रिप्ट पक्की करण्याच्या पायऱ्या

दिवाळीला बारा दिवस उरले होते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंचा फोन आला. त्या घरी फराळ करून विकतात, आणि त्यांची छोटी वेबसाइट मीच करून दिली होती. अमेरिकेत राहणाऱ्या एका मुलाने बडोद्यातल्या आपल्या आईवडिलांसाठी चकली आणि अनारसे मागवायला साइटवरचा फॉर्म भरला होता. आठवडा उलटला तरी उत्तर नाही, म्हणून शेवटी त्याचे वडीलच काकूंच्या दारात येऊन उभे राहिले. "फॉर्म भरल्यावर 'धन्यवाद' असं आलं होतं म्हणे," काकू म्हणाल्या. "मग माझ्यापर्यंत का नाही पोचलं रे?"

मी इनबॉक्स पाहिला, स्पॅमचा फोल्डर पाहिला. मेल कुठेच नव्हता. सर्व्हरवर शोधायला गेलो तर तिथेही काही नाही, कारण स्क्रिप्ट, म्हणजे फॉर्म हाताळणारा छोटा प्रोग्राम, त्यातला मजकूर उचलून सरळ मेलवर ढकलत होती, स्वतःकडे काहीच ठेवत नव्हती. अशा आणखी किती ऑर्डरी वाहून गेल्या, हे मला आजही सांगता येत नाही. मोजायला काही शिल्लकच नव्हतं. ती रात्र आणि पुढचे दोन दिवस मी ती स्क्रिप्ट मुळापासून सुधारली. तेव्हा जे केलं ते इथे क्रमाने लिहितो आहे, म्हणजे पहिल्यांदाच असं काम हातात घेणाऱ्याला ते एखाद्या गिऱ्हाइकाच्या नुकसानीतून शिकावं लागू नये.

लेखात भाषा पीएचपी धरली आहे, कारण साध्या शेअर्ड होस्टिंगवर तीच तयार मिळते. फंक्शनांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

पायरी १: आहे ती स्क्रिप्ट आधी नीट वाचा

काहीही बदलण्याआधी अख्ख्या फोल्डरची एक प्रत आपल्या मशीनवर उतरवून घ्या. मग होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये, म्हणजे साइट सांभाळायच्या नियंत्रण-पानावर, पीएचपीची आवृत्ती पाहा. ७.४ किंवा त्याआधीची असेल तर पहिलं काम ती वाढवण्याचं, ७.४ ला नोव्हेंबर २०२२ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं आहे.

आता स्क्रिप्ट उघडा. बहुतेक ठिकाणी दहा-बारा ओळी सापडतात: पोस्टमधून (फॉर्मने पाठवलेल्या माहितीतून) नाव, ईमेल आणि मजकूर घेतला, मेल() फंक्शनला दिला, खाली 'धन्यवाद' छापलं. यात तीन गोष्टी हमखास चुकलेल्या असतात. आलेल्या अर्जाची नोंद कुठेच होत नाही. मेल पाठवणारा म्हणून फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता टाकलेला असतो. आणि मेल() फंक्शनने खरं उत्तर दिलं की खोटं, हे कोणी विचारत नाही. 'धन्यवाद' दोन्ही वेळा छापलं जातं. काकूंच्या स्क्रिप्टमध्ये तिन्ही चुका होत्या.

पायरी २: आधी बारनिशी, मग टपाल

सरकारी कचेरीत ज्यांनी कधी अर्ज दिला आहे त्यांना बारनिशी माहीत असते. कागद आत आला की आधी आवक वहीत चढतो, त्याला क्रमांक पडतो, पोच मिळते, आणि मगच तो साहेबांच्या टेबलाकडे निघतो. पुढे साहेब रजेवर असोत की शिपाई कागद हरवो, वहीतली नोंद जागेवर असते. आपल्या स्क्रिप्टलाही हेच शिकवायचं. या लेखातलं एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

डेटाबेसमध्ये एक टेबल करा: क्रमांक, तारीख-वेळ, नाव, फोन, ईमेल, मजकूर आणि मेलची स्थिती. स्थितीला तीन शब्द पुरतात: 'बाकी', 'गेला', 'संशयित'. फॉर्म आला की आधी नोंद 'बाकी' म्हणून चढवा. नंतर मेल पाठवा. तो यशस्वी झाला तर त्याच नोंदीची स्थिती 'गेला' करा. क्रम उलटा करू नका. मेल आधी आणि नोंद नंतर असेल तर मेलच्या टप्प्यावर स्क्रिप्ट पडली की नोंदही बुडते.

टेबलाचा कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ८एमबी४ ठेवा. मायएसक्यूएलमधल्या नुसत्या 'यूटीएफ८' या नावाने फसू नका: त्यात एका चिन्हाला तीनच बाइट मिळतात, आणि इमोजीला चार लागतात. देवनागरी आणि गुजराती तीन बाइटांत बसतात म्हणून चाचणीत सगळं ठीक दिसतं. मग एखादी ताई ऑर्डरीच्या शेवटी हात जोडल्याचं चिन्ह टाकते आणि तिची अख्खी नोंद नाकारली जाते.

नोंद करताना मजकूर सरळ एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवायचा नाही. पीडीओचं (पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या सोयीचं) 'प्रिपेअर' आणि 'एक्झिक्यूट' वापरा: वाक्यात मोकळ्या जागा सोडायच्या आणि किमती वेगळ्या द्यायच्या. असं केलं की मजकुरातल्या अवतरणचिन्हाने वाक्य मोडत नाही आणि कोणी मुद्दाम घुसवलेला हुकूमही चालत नाही.

नोंद झाली की तिचा क्रमांक भरणाऱ्याला दाखवा: "तुमची नोंद क्र. १४७ झाली आहे." ही झाली पोच. आणि डेटाबेसच बंद असेल तर 'धन्यवाद' अजिबात छापू नका. नोंद होऊ शकली नाही हे सरळ सांगा आणि खाली दुकानाचा फोन नंबर द्या. माणूस फोन करतो. खोटी पोच मिळाली की तो वाट पाहत बसतो.

पायरी ३: तपासणी, आणि आपल्या नावांचा प्रश्न

ब्राउझरमध्ये 'हा रकाना भरा' अशी सूचना लावली म्हणजे तपासणी झाली असं समजू नका. स्पॅम टाकणारे प्रोग्राम तुमचं पान उघडतच नाहीत, ते थेट स्क्रिप्टच्या पत्त्यावर माहिती फेकतात. प्रत्येक तपासणी सर्व्हरवर पुन्हा व्हायला हवी.

ईमेलसाठी फिल्टर_व्हार हे फंक्शन आणि त्याचा 'व्हॅलिडेट ईमेल' फिल्टर पुरेसा आहे. स्वतः लांबलचक पॅटर्न (मजकूर कसा असावा याचा साचा) लिहायच्या फंदात पडू नका.

नावाच्या तपासणीत मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण नेटवर मिळणाऱ्या तयार स्क्रिप्ट बहुतेक इंग्रजी नावांसाठी लिहिलेल्या असतात. त्यात 'ए ते झेड आणि स्पेस' एवढाच पॅटर्न असतो, आणि मराठी नाव त्यात शिरूच शकत नाही. कोणी थोडा विचार करून 'कोणत्याही लिपीतलं अक्षर' असा पॅटर्न लावतं, तोही फसतो. युनिकोडच्या (सगळ्या लिपींतल्या चिन्हांच्या प्रमाण यादीच्या) हिशेबात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्ताची खूण ही 'अक्षरं' धरली जात नाहीत, त्यांचा वर्ग वेगळा आहे: 'मार्क'. त्यामुळे 'कमल' चालतं आणि 'कमला' अडतं. पॅटर्नमध्ये अक्षरांचा वर्ग आणि मार्कचा वर्ग दोन्ही घ्या, आणि शेवटी युनिकोडची खूण म्हणून 'यू' लावा.

आता 'कऱ्हाडे' हे आडनाव जवळून पाहा. तोंडाने म्हणताना तीन अक्षरं. संगणकाच्या हिशेबात क, ऱ, हलन्त, ह, काना, ड, मात्रा अशी सात चिन्हं, आणि प्रत्येकी तीन याप्रमाणे एकवीस बाइट. स्ट्रलेन या फंक्शनला लांबी विचारली तर ते २१ सांगतं, एमबी_स्ट्रलेन ७ सांगतं. कोणी 'नाव वीसपेक्षा लांब नको' अशी अट स्ट्रलेनने घातली असेल तर बिचाऱ्या कऱ्हाड्यांना फॉर्म भरताच येत नाही. लांबी मोजायला, मजकूर कापायला नेहमी 'एमबी' लागलेली फंक्शनंच वापरा. साधं सबस्ट्र अक्षर मध्येच तोडतं आणि शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उरतं.

याच आडनावात आणखी एक खाच आहे. काही कीबोर्ड 'ऱ' हे चिन्ह थेट टाकतात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण टाकतात. तिचं नाव झीरो विड्थ जॉइनर. 'अदृश्य चिन्हं काढून टाका' अशी सफाईची ओळ पुष्कळ स्क्रिप्टमध्ये असते. ती या जोडखुणेलाही झाडून टाकते, आणि कऱ्हाड्यांचे 'कर्हाडे' होतात. माणसाचं नाव त्याने लिहिलं तसंच राहिलं पाहिजे. म्हणून सफाईत फक्त नवी ओळ, टॅब आणि शून्य बाइट यांसारखी नियंत्रण-चिन्हं काढा, जोडखुणेला हात लावू नका, आणि नावाच्या पॅटर्नमध्येही तिला जागा द्या. टिंब, अपॉस्ट्रॉफी आणि छोटी आडवी रेघसुद्धा चालू द्या.

फोनचा रकाना बडोद्यात वेगळीच मजा दाखवतो. इथे कोणी नंबर इंग्रजी आकड्यांत लिहितं, कोणी मराठी, कोणी गुजराती. नंबर तिन्ही वेळा बरोबरच असतो. तपासणीच्या आधी स्ट्रटीआर फंक्शनला वीस जोड्यांचा तक्ता द्या: दहा देवनागरी आकडे, दहा गुजराती आकडे, आणि त्यांच्यासमोर इंग्रजी आकडे. मग स्पेस आणि रेघा काढा. आणि 'दहाच आकडे हवेत' असा हट्ट धरू नका. इथल्या कितीतरी घरांतली मुलं परदेशात आहेत आणि आईवडिलांसाठी तिकडून मागवतात. देशाच्या कोडासकट आंतरराष्ट्रीय नंबर जास्तीत जास्त पंधरा आकडी असतो, त्यामुळे सात ते पंधरा आकडे स्वीकारा.

पायरी ४: हेडरमध्ये कोणी घुसणार नाही हे पाहा

मेलचे दोन भाग असतात. वर हेडर, म्हणजे पाठवणारा, घेणारा, विषय वगैरे; मग एक कोरी ओळ; मग मजकूर. हेडरमध्ये प्रत्येक गोष्ट आपापल्या ओळीवर असते, आणि नवी ओळ सुरू झाली की नवा हेडर सुरू झाला असं सर्व्हर समजतो.

आता समजा तुमची स्क्रिप्ट ईमेलच्या रकान्यातला मजकूर जसाच्या तसा 'फ्रॉम' पुढे चिकटवते. स्पॅम टाकणारा त्या रकान्यात एक पत्ता लिहितो, मग नव्या ओळीची खूण टाकतो, आणि पुढे 'बीसीसी' लिहून शंभर पत्ते देतो. तुमचा सर्व्हर मुकाट्याने त्या शंभर जणांना मेल पाठवतो. थोड्याच वेळात तुमच्या सर्व्हरचं नाव काळ्या यादीत जातं आणि खऱ्या गिऱ्हाइकांचे मेलही अडायला लागतात.

यावरचा उपाय छोटा आहे. हेडरमध्ये जाणाऱ्या कोणत्याही मजकुरातून नव्या ओळीची दोन्ही चिन्हं, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड, काढून टाका. ईमेल तपासणीत नापास झाला तर तो हेडरमध्ये जाऊच देऊ नका. विषयात गिऱ्हाइकाचा मजकूर टाकू नका. 'वेबसाइटवरून नोंद क्र. १४७' एवढा पुरे, इनबॉक्समध्ये शोधायलाही सोपा.

आणि मेल कोणाला जाणार, तो पत्ता स्क्रिप्टमध्येच लिहिलेला हवा. फॉर्ममधल्या लपवलेल्या रकान्यातून तो घ्यायचा नाही. १९९५ साली आलेली फॉर्ममेल नावाची पर्ल भाषेतली स्क्रिप्ट जगभर वापरली गेली. तिच्यात घेणाऱ्याचा पत्ता फॉर्ममधून येत असे, आणि स्पॅम टाकणाऱ्यांनी त्याचा भरपूर फायदा उठवला. तीच चूक आजही नव्याने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये दिसते.

पायरी ५: पाठवणारा आपण, उत्तर गिऱ्हाइकाला

काकूंचे मेल गायब होण्यामागचं मोठं कारण इथे होतं. स्क्रिप्ट 'फ्रॉम' मध्ये फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता टाकत होती, कारण मग 'रिप्लाय' दाबलं की उत्तर त्यालाच जातं. सोय चांगली, पण घेणाऱ्या सर्व्हरच्या नजरेने पाहा: पत्र याहूच्या पत्त्यावरून आल्याचं सांगतं आहे आणि प्रत्यक्षात आणून देतो आहे कुठलातरी अनोळखी होस्टिंगचा सर्व्हर. याला खोटी सही म्हणतात.

ती ओळखायला तीन व्यवस्था आहेत. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या (ईमेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या) मालकाने जाहीर लावलेली यादी: माझ्या नावाने टपाल टाकायला एवढेच सर्व्हर मुखत्यार. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची लाखेची मोहोर. वाटेत कोणी मजकूर बदलला तर ती फुटलेली दिसते. आणि डीएमएआरसी म्हणजे यादीत न बसणाऱ्या, मोहोर नसलेल्या पत्राचं काय करायचं याचा हुकूम. बडोद्यात वाढलेल्या माणसाला हुजूरहुकूम, म्हणजे महाराजांची आज्ञा, हा शब्द नवा नाही. हा तसाच, डोमेनच्या मालकाने काढलेला. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपला हुकूम 'नाकारा' असा कडक केला. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाने फॉर्ममध्ये याहूचा पत्ता दिला, त्याच्या नावाने तुमच्या सर्व्हरने पाठवलेला मेल दारातूनच परत जाणार.

म्हणून 'फ्रॉम' मध्ये कायम आपल्याच डोमेनवरचा पत्ता ठेवा आणि गिऱ्हाइकाचा तपासलेला पत्ता 'रिप्लाय-टू' मध्ये टाका. काकूंनी 'रिप्लाय' दाबलं की उत्तर बरोबर गिऱ्हाइकालाच जातं.

मग डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या जाहीर नोंदवहीत, एसपीएफची नोंद पाहा. ती एकच असावी. दोन वेगळ्या एसपीएफ नोंदी असल्या तर तपासणी दोन्ही बाद धरते. नवा सर्व्हर जोडायचा तर आहे त्याच ओळीत जोडा. डीकेआयएम सीपॅनेलमध्ये किंवा मेल देणाऱ्या सेवेच्या पानावर चालू करता येतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने आपल्या खात्यांवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी सक्तीचं केलं आहे, आणि रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीएमएआरसीसुद्धा. आपल्या छोट्या साइटलाही तिन्ही लावून टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. तपासायला एक चाचणी मेल जीमेलवर पाठवा, तो उघडून तीन टिंबांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल' निवडा. तिन्ही नावांपुढे 'पास' दिसलं की झालं.

पायरी ६: मेल() सोडा, एसएमटीपीने पाठवा

मेल() फंक्शनने 'खरं' असं उत्तर दिलं तर त्याचा अर्थ इतकाच, की सर्व्हरवरच्या टपाल-प्रोग्रामने पत्र हातात घेतलं. रावपुऱ्याच्या पोस्टाबाहेरच्या पेटीत पत्र टाकलं म्हणजे ते पोचलं असं होत नाही, तसंच हे. एसएमटीपीने, म्हणजे मेल सर्व्हरशी थेट बोलायच्या पद्धतीने, लॉगिन करून पाठवलं की निदान पुढच्या सर्व्हरने ते स्वीकारलं की नाकारलं, आणि का, हे स्पष्ट कळतं.

यासाठी पीएचपीमेलर ही लायब्ररी (तयार कोडचा संच) कंपोझरने, म्हणजे पीएचपीच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाने, बसवा. खाली नेहमी लागणाऱ्या गोष्टी.

पोर्ट ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस (साधं सुरू होऊन मग गुप्त होणारं संभाषण), ४६५ असेल तर सुरुवातीपासूनच टीएलएस, म्हणजे गुप्त संभाषण. पोर्ट २५ आपल्यासाठी नाही, तो सर्व्हरांच्या आपसांतल्या देवाणघेवाणीचा. जीमेलचं खातं वापरणार असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरी अॅप पासवर्ड काढावा लागतो. तो पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका. पब्लिक_एचटीएमएल या फोल्डरच्या बाहेर एक फाइल करून तिथे ठेवा आणि स्क्रिप्टने ती वाचावी. गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) तर ती फाइल मुळीच जाऊ देऊ नका.

पीएचपीमेलरचा कॅरॅक्टर सेट मुळात पश्चिम युरोपीय भाषांचा असतो. तो यूटीएफ-८ केला नाही तर मराठी मजकुराच्या जागी काहीतरी अगम्य चिन्हं येतात. त्यासोबत एन्कोडिंग बेस६४ करा, म्हणजे मजकूर साध्या रोमन अक्षर-आकड्यांत बदलून जातो. मेलच्या एका ओळीत ९९८ पेक्षा जास्त बाइट असू नयेत असा नियम आहे. इंग्रजीत हजार अक्षरांचा सलग परिच्छेद क्वचितच कोणी लिहितं, पण देवनागरीत तीन बाइटांच्या हिशेबाने साधारण पन्नास-साठ शब्दांतच ही मर्यादा भरते. मोबाइलवर लिहिणारी माणसं एंटर दाबत नाहीत. अख्खी ऑर्डर, पत्ता आणि 'अनारसे जरा कमी गोड' ही सूचना एकाच ओळीत असते. वाटेतला एखादा सर्व्हर ती ओळ अक्षराच्या मधोमध तोडतो, आणि नेमका पत्त्यातला एक शब्द खराब होतो. बेस६४ केलं की मजकूर आपोआप छोट्या ओळींत विभागला जातो आणि पलीकडे जसाच्या तसा जुळतो.

वाट पाहण्याची मुदत, म्हणजे 'टाइमआउट', मुळात ३०० सेकंद असते. ती १५ करा. पाच मिनिटं गोल फिरणारं चक्र पाहत कोणी थांबत नाही. लोक पुन्हा बटण दाबतात. चाचणीसाठी लावलेला 'डीबग' पर्याय साइट सुरू करताना बंद करा, नाहीतर सर्व्हरशी झालेलं सगळं संभाषण गिऱ्हाइकाच्या पानावर छापलं जाईल. आणि लायब्ररी अद्ययावत ठेवा. डिसेंबर २०१६ मध्ये पीएचपीमेलरमध्येच एक गंभीर छिद्र सापडलं होतं, ज्यातून हल्लेखोर सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता, ५.२.१८ आणि ५.२.२० या आवृत्त्यांनी ते बुजवलं. जुनी प्रत उचलून वर्षानुवर्षं तशीच चालवणाऱ्यांना त्या दुरुस्तीचा उपयोग झाला नाही.

पाठवण्याची ओळ 'ट्राय-कॅच' मध्ये ठेवा, म्हणजे चूक झाली तरी स्क्रिप्ट पडत नाही. अडचण आली तर कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहा, नोंद 'बाकी' राहू द्या, आणि गिऱ्हाइकाला पोच द्या. नोंद झालेली आहे, त्यामुळे ही पोच खरी आहे.

पायरी ७: स्पॅम अडवा, माणूस अडवू नका

सगळ्यात आधी मधाचं मडकं, म्हणजे हनीपॉट: फॉर्ममध्ये एक जादा रकाना ठेवायचा, तो सीएसएसने पडद्याबाहेर सरकवायचा. माणसाला तो दिसत नाही, प्रोग्राम मात्र भरतो. त्याला 'वेबसाइट' किंवा 'ईमेल२' असं नाव देऊ नका, ब्राउझर आपणहून तो भरून टाकतो आणि खरा माणूस संशयित ठरतो. ऑटोकम्प्लीट बंद करा, टॅब दाबताना तो लागू नये अशी सोय करा, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामपासूनही लपवा. अंध माणूसही फराळ मागवतो. दुसरं, पान उघडल्यापासून फॉर्म येईपर्यंतचा वेळ सेशनमध्ये (त्या भेटीपुरत्या सर्व्हरवरच्या नोंदीत) मोजा. तीन सेकंदांत भरलेला फॉर्म माणसाचा नसतो. तिसरं, एका आयपीवरून तासाला ठराविक नोंदी, पण मर्यादा सैल ठेवा, कारण एकाच सोसायटीतले किंवा ऑफिसातले पुष्कळ जण एकाच आयपीमागे असतात. सोबत सीएसआरएफ टोकनही लावा, म्हणजे फॉर्म आपल्याच पानावरून आला हे ओळखायची गुप्त खूण.

संशय आलेली नोंद मात्र फेकू नका. स्थिती 'संशयित' करा, मेल पाठवू नका, आणि आठवड्यातून एकदा त्या यादीवर नजर टाका. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रोज टाका.

गिऱ्हाइकाला आपोआप 'आपला संदेश मिळाला' असा मेल पाठवायचा असेल तर त्यात त्याने लिहिलेला मजकूर परत छापू नका. नाहीतर कोणीही दुसऱ्याचा ईमेल टाकून आपली जाहिरात तुमच्या डोमेनवरून त्याच्या घरी पोचवेल. नोंद क्रमांक आणि फोन नंबर पुरे.

पायरी ८: फॉर्म आल्यानंतरचं पान

काम झालं की त्याच पानावर उत्तर छापण्यापेक्षा ३०३ हा (ब्राउझरला दुसऱ्या पानावर जायला सांगणारा) कोड देऊन वेगळ्या 'पोच' पानावर पाठवा. मग कोणी पान रिफ्रेश केलं तरी तीच ऑर्डर दुसऱ्यांदा नोंदली जात नाही. तपासणीत काही चुकलं असेल तर भरलेले सगळे रकाने तसेच भरून परत दाखवा. अंगठ्याने टाइप केलेला पत्ता दुसऱ्यांदा लिहायला लावणं म्हणजे ऑर्डर घालवणं. परत दाखवताना आणि एचटीएमएल मेलमध्ये टाकताना मजकूर एचटीएमएलस्पेशलचार्स या फंक्शनमधून काढा, म्हणजे त्यात घुसवलेला कोड चालत नाही, नुसता दिसतो.

पायरी ९: 'बाकी' राहिलेलं पुन्हा पाठवा

एक छोटी दुसरी स्क्रिप्ट लिहा: 'बाकी' असलेल्या नोंदी काढायच्या, एकेक मेल पाठवून पाहायचा, गेला तर स्थिती बदलायची. सीपॅनेलच्या क्रॉन जॉबमध्ये (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या सोयीत) ती दर दहा मिनिटांनी लावा. फार जुनी झालेली, वारंवार अपयशी ठरलेली नोंद वेगळी दिसावी म्हणून प्रयत्नांची संख्याही टेबलात ठेवा.

दुसरा क्रॉन रात्री नऊचा: "आज १३ नोंदी आल्या, १२ मेल गेले, १ संशयित." शून्य असेल तेव्हाही हा मेल जाऊ द्या. काकू झोपण्याआधी तो पाहतात. ज्या रात्री तो येत नाही, त्या रात्री त्या मला फोन करतात, आणि गिऱ्हाइकाला कळायच्या आत बिघाड आम्हाला कळतो.

जुन्या नोंदी कायम साठवू नका. लोकांचे नाव, पत्ते, फोन तुमच्याकडे आहेत, आणि भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती काढून टाका. जन्मतारीख, लिंग असले रकाने फराळाच्या फॉर्मला लागत नाहीत. ते मागूच नका.

पायरी १०: चाचणी

स्वतःच्या नावाने एकदा फॉर्म भरून 'चालतंय' म्हणू नका. 'कऱ्हाडे' या नावाने भरा, दोन्ही प्रकारे टाइप करून. फोन एकदा मराठी आकड्यांत, एकदा गुजराती आकड्यांत, एकदा अमेरिकेच्या कोडासकट. ईमेलमध्ये याहूचा पत्ता द्या. मजकुरात इमोजी टाका, आणि एंटर न दाबता शंभर शब्दांचा सलग परिच्छेद लिहा. आलेल्या मेलमध्ये तो शब्दाशब्दाने ताडून पाहा. घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात त्यांचाच मोबाइल देऊन एकदा भरायला सांगा आणि मध्ये काही बोलू नका. ते कुठे अडखळतात ते लिहून घ्या.

शेवटची चाचणी मुद्दाम बिघाड करून. एसएमटीपीचा पासवर्ड एक अक्षर बदलून चुकीचा करा आणि फॉर्म भरा. पोच-पानावर नोंद क्रमांक दिसला पाहिजे, टेबलात स्थिती 'बाकी' असली पाहिजे, लॉगमध्ये कारण असलं पाहिजे. मग पासवर्ड पुन्हा बरोबर करा आणि क्रॉनची दहा मिनिटं वाट पाहा. मेल आला आणि स्थिती 'गेला' झाली, की साइट काकूंच्या हवाली करायला हरकत नाही.